पुढचं गाणं कोणाचं?

प्रस्तावना

आज आपल्याला जेवढं संगीत ऐकायला मिळतं, तेवढं आधीच्या कुठल्याच पिढीला मिळालं नव्हतं. फोनवर एक गाणं लावायचं, त्यावरून 'रेडिओ' सुरू करायचा, की त्या गाण्याला लागून दुसरं, तिसरं, दहावं गाणं आपोआप येत राहतं. नाशिकरोडला गाडीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय आहे, तशीच सुरगाण्याच्या बाजारात दुकान मांडून बसलेल्या माणसालाही आहे. हा रेडिओ ज्याचा त्याचा वेगळा असतो. शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच गाण्यापासून सुरुवात केली, तरी तासाभरात दोघांच्या वाटा फुटतात, कारण गाण्याबरोबर ऐकणाऱ्याच्या सवयींचाही हिशेब तिथे ठेवलेला असतो. या रेडिओतून नवं संगीत कसं सापडतं, ते कुठे अडतं आणि अडलं की श्रोत्यानं काय करावं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाणं कानावर पडणं वेगळं आणि गाणं सापडणं वेगळं. कानावर पडलेलं गाणं संपलं की गेलं. ते कोणी लिहिलं, चाल कोणाची, गळा कोणाचा, तो गळा कोणापाशी तयार झाला, हे कळलं की त्याच गाण्यातून पुढच्या दहा गाण्यांची दारं उघडतात. व्यक्तिगत रेडिओनं गाण्यांचा ओघ अफाट वाढवला, पण नावं मागे पडली. ती परत मिळवणं श्रोत्याच्या हातात आहे आणि त्यासाठी लागणारी साधनंही त्याच्याच फोनमध्ये आहेत.

जुन्या रेडिओची आठवण इथे केवळ हळवेपणानं काढत नाही. आकाशवाणीचा निवेदक गाण्याच्या आधी किंवा नंतर गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं सांगायचा. त्या शिस्तीनं महाराष्ट्राला ऐकायला शिकवलं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक गीत, अशी वर्षाहून थोड्या अधिक काळात ५६ गीतं झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे कितीतरी गळे त्यात होते. लोक कागद-पेन्सिल घेऊन रेडिओपाशी बसत आणि शब्द उतरवून घेत. शब्दांबरोबर नावंही मनात उतरत. ज्याला माणिक वर्मांचा आवाज आवडला, तो मग त्यांचं भावगीत शोधी, त्यांची ठुमरी शोधी. 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमात फर्माईश पाठवायची, तर गाण्याचं नाव नीट माहीत असावंच लागे.

त्या काळाला दुसरी बाजूही होती. काय ऐकवायचं हे केंद्रावरची माणसं ठरवत आणि त्यांच्या वर सरकार असे. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे होतं. शास्त्रीय संगीत घरोघरी पोचावं, या तळमळीपोटी त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि ते रेडिओ सिलोनकडे गेले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. चांगलं ते लादून रुजत नाही. आणि श्रोत्याला स्वतःची निवड हवीच असते, त्यासाठी तो शेजारच्या देशाचं केंद्रही लावतो. व्यक्तिगत रेडिओ आज एवढा लोकप्रिय झाला, त्याचं मूळ या जुन्या भुकेत आहे.

नाशिकच्या हवेत आजही रेडिओ आहे. आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४वर लागतं, खासगी एफएम वाहिन्या आहेत, आणि ९०.८वर रेडिओ विश्वास हे सामुदायिक केंद्र आहे. २६ जानेवारी २०१६ला आकाशवाणीनं शास्त्रीय संगीताची 'रागम्' ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केली, तीही इंटरनेटवर ऐकता येते. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे: एकानं निवडायचं आणि हजारोंनी एकाच वेळी ऐकायचं. इंटरनेटवरच्या नव्या रेडिओनं नेमकी हीच घडी मोडली.

ती मोडण्याचे दोन मार्ग जवळपास एकाच वेळी निघाले आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. पहिला मार्ग गाण्याचं वर्णन करण्याचा. २०००मध्ये अमेरिकेत टिम वेस्टरग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'म्युझिक जीनोम प्रोजेक्ट' हाती घेतला. संगीत शिकलेली माणसं एकेक गाणं कानांनी ऐकत आणि लय, स्वररचना, आवाजाची जात, वाद्यमेळ अशा सुमारे ४५० गुणांवर त्याची नोंद करत. त्या नोंदींच्या आधारावर २००५मध्ये 'पँडोरा' हा रेडिओ उभा राहिला. तुम्ही एक गाणं सांगायचं, त्याच्या गुणांशी जुळणारं दुसरं गाणं तो लावणार. आवडलं की अंगठा वर, नाही आवडलं की खाली. परवान्यांच्या अडचणीमुळे २००७मध्ये अमेरिकेबाहेरच्या श्रोत्यांसाठी त्याचं दार बंद झालं, त्यामुळे आपल्याकडे तो फारसा रुजलाच नाही.

दुसरा मार्ग माणसांच्या सवयी जुळवण्याचा. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात शिकणाऱ्या रिचर्ड जोन्सनं २००२च्या सुमारास 'ऑडिओस्क्रॉबलर' बनवलं. तुमच्या संगणकावर जे जे वाजलं त्याची ते नोंद ठेवी आणि तुमच्यासारखंच ऐकणारे दुसरे कोण आहेत, ते शोधी. त्यांनी ऐकलेलं आणि तुम्ही न ऐकलेलं जे असेल, ते तुमच्यापुढे येई. पुढे हे काम 'लास्ट एफएम'मध्ये मिसळलं. इथे गाण्यात काय आहे हे कोणालाही ठाऊक असण्याची गरज नव्हती. कोणकोण काय ऐकतं, एवढं कळलं की पुरे.

आज आपल्या फोनवर असलेल्या सेवा या दोन्ही मार्गांचं मिश्रण वापरतात आणि त्यात ध्वनीचं यांत्रिक विश्लेषणही घालतात. 'गाना' २०१०मध्ये आलं, सावन आणि जिओम्युझिक २०१८मध्ये एकत्र झाले, स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक २०१९मध्ये भारतात उतरले. पण आपल्या नाशिक जिल्ह्यासाठी खरी कलाटणी सप्टेंबर २०१६ची. त्या महिन्यात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्डात गाणी भरून घेण्यासाठी मोबाइलच्या दुकानात होणारी गर्दी ओसरत गेली.

आता यातली खोच एका उदाहरणानं दाखवतो, कारण पुस्तकाचा सगळा भर तिच्यावर आहे. उदाहरण नाशिकशी नातं असलेलं घेतो. पंडित द. वि. पलुसकर यांचं 'ठुमक चलत रामचंद्र' हे भजन लावा आणि त्यावरून रेडिओ सुरू करा. पुढे बहुधा भजनंच येतील. रामाची येतील, कृष्णाची येतील, मग हळूहळू आजच्या लोकप्रिय गायकांची भक्तिगीतं येतील. यंत्राच्या बाजूनं हे बरोबरच आहे. हे भजन ऐकणारे बहुतेक लोक पुढे तेच ऐकतात आणि पाणी उताराकडे धावावं तसा हा ओघ जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांकडे धावतो.

आता तेच भजन नावांच्या वाटेनं पुढे न्या. द. वि. पलुसकर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे चिरंजीव. विष्णु दिगंबरांनी ५ मे १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारात आणि बैठकीत कोंडलेलं गाणं तिकीट लावून, सभागृह भरवून त्यांनी सर्वसामान्यांपुढे आणलं आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नाशिकला पंचवटीत आश्रम उभारून ते रामनामात रमले. १९३१मध्ये ते गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे शिकवलं ते वडिलांच्या शिष्यांनी, त्यांत विनायकराव पटवर्धन प्रमुख. इथे थांबून विनायकरावांचं ध्वनिमुद्रण ऐका. तोच ग्वाल्हेर घराण्याचा बाज जास्त तडफदार अंगानं समोर येतो.

मग वाट फुटते. विष्णु दिगंबरांचे दुसरे शिष्य ओंकारनाथ ठाकूर, आणि ओंकारनाथांच्या शिष्या एन. राजम. म्हणजे रामाच्या भजनापासून निघालेला श्रोता तिसऱ्या पावलाला व्हायोलिनवर ख्याल ऐकत असतो. विष्णु दिगंबरांचेच आणखी एक शिष्य शंकरराव बोडस गाण्याच्या प्रसारासाठी कानपूरला स्थायिक झाले, त्यांच्या कन्या वीणा सहस्रबुद्धे. त्यांचा ख्यालही ऐका आणि भजनही ऐका, पलुसकरांच्या भजनातली निर्मळ उच्चाराची रीत तिथे पुन्हा भेटेल. शिवाय 'बैजू बावरा' या १९५२च्या चित्रपटात द. वि. पलुसकर उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर गायले आहेत. तिथून अमीर खाँ साहेबांच्या अतिविलंबित ख्यालात शिरलं, की आपण संगीताच्या पार दुसऱ्या प्रदेशात पोचलेले असतो. व्हायोलिन आणि भजन यांच्या ध्वनीत साम्य नाही, त्यांचे श्रोतेही बरेचसे वेगळे. त्यांना जोडणारा धागा गुरु-शिष्याचा आहे, आणि तो यंत्राच्या हिशेबात सहसा नसतो. श्रोत्याला तो माहीत असेल, तर तेच यंत्र प्रत्येक पायरीवर त्याच्या कामाला येतं. एन. राजम यांच्या वादनावरून नवा रेडिओ लावला, की यंत्र पुन्हा उत्साहानं दहा नवी नावं पुढे करतं.

अडचणी आहेत आणि त्या मोजमापाच्या आहेत. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं की ते एकदा ऐकलं, असं मोजलं जातं. तीन मिनिटांच्या गाण्याला हे माप चालून जातं. विलंबित ख्यालात ३० सेकंदांत तानपुरे जुळलेले ऐकू येतात आणि गायकानं षड्ज लावलेला असतो. बंदिशीचा मुखडा अजून यायचा असतो. अर्धा तास मन लावून ऐकणारा आणि अर्ध्या मिनिटानं निघून जाणारा, दोघांची या मोजणीत नोंद एकच. त्याच सेवेनं २०२४पासून असा नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकलं न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मोबदला मिळणार नाही. मोठ्या भाषेतल्या मोठ्या गायकाला हजार म्हणजे काहीच नाही. गावातल्या भजनी मंडळाला, शाहिराला, नव्यानं चाली बांधणाऱ्या मुलीला तो आकडा डोंगराएवढा आहे. नव्या गाण्याची मागची नोंद नसते, म्हणून यंत्र ते सहसा पुढे करत नाही. आणि पुढे केलं जात नाही, म्हणून नोंद होत नाही. ही कोंडी फोडायला कोणीतरी ते गाणं नाव टाकून शोधावं लागतं.

नाव हरवण्याचं सर्वांत मोठं नुकसान आपल्याकडे गीतकारांचं झालं आहे. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, आणि २००४च्या मे महिन्यात नाशिकला त्यांचं निधन झालं. लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली, आणि त्या माणसानं हजारो गीतं रचली. बाबासाहेबांचा विचार त्यांनी गावोगाव, वस्त्या-वस्त्यांत गाण्यातून पोचवला. १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात जी भीमगीतं वाजतात, त्यांत वामनदादांचे शब्द असतातच. पण फोनच्या पडद्यावर ठळक दिसतं ते गायकाचं आणि अल्बमचं नाव. गीतकार बघायचा तर आणखी आत शिरावं लागतं आणि तिथेही पुष्कळदा जागा रिकामी असते किंवा भलतंच नाव असतं. ज्याची ओळखच गीतकार म्हणून आहे, त्याच्या नावावरून रेडिओ लागत नसेल, तर नव्या पिढीला तो कसा भेटणार? एखादं भीमगीत आवडलं, तर ते कोणाचं हे विचारा. उत्तर वामनदादा असं आलं, की त्यांच्या कवितासंग्रहापर्यंत जा आणि त्यांची तीच रचना निरनिराळ्या गायकांनी कशी गायली आहे, हे लावून बघा. एका शब्दरचनेचे चार गळे ऐकणं हा श्रवणाचा फार मोठा आनंद आहे.

याच जिल्ह्यात असेही आवाज आहेत जे या ओघात फारसे उतरलेलेच नाहीत. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत कोकणा समाजाचं थाळगान आहे. थाळीत मेणानं एक काडी उभी चिकटवतात. गायक ती काडी बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली सारखी ओढत राहतो आणि थाळी अखंड घुमते. त्या घुमेवर देवदेवतांच्या, धान्यमातेच्या कथा रात्र-रात्र गायल्या जातात. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा, बांबू आणि टोकाला शिंगासारखा कर्णा असं ते वाद्य, आणि त्याचा सूर दरीपलीकडे ऐकू जातो. हे सगळं तीन मिनिटांच्या तुकड्यांत मावत नाही. त्याचं ध्वनिमुद्रण कोणी टाकलं, तर त्यावर गाणाऱ्याचं नाव, गाव, कथेचं नाव आणि प्रसंग लिहिणं ही त्या माणसाची जबाबदारी आहे.

नाशिक ढोलाचं उलटं झालं. तो इतका दूर गेला की केरळातल्या मिरवणुकांतही नाशिक ढोल याच नावाचे ताफे वाजतात. शहराचं नाव जगभर झालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र त्या नावाखाली जी ध्वनिमुद्रणं मिळतात, त्यांत ढोल कोणत्या पथकाचा, ताशावर कोण, हे क्वचितच कळतं. गावाचं नाव टिकलं आणि वाजवणारा निनावी राहिला.

१९०२मध्ये भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हाची एक गोष्ट मला या संदर्भात फार मोलाची वाटते. गायिका गौहर जान गाणं संपताना आपलं नाव स्वतः उच्चारत असत. तबकड्या दाबल्या जात जर्मनीत. तिथल्या कारागिरांना चिठ्ठीवर कोणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही रीत पडली. सव्वाशे वर्षं होत आली, तरी तो आवाज कोणाचा याबद्दल शंका नाही, कारण नाव गाण्यातच कोरलेलं आहे.

पुढची प्रकरणं तीन भागांत लावली आहेत. पहिल्या भागात हे रेडिओ चालतात कसे, कोणत्या कृतीची कशी नोंद घेतात, हे सोप्या भाषेत सांगितलं आहे. दुसऱ्या भागात वाटा आहेत: भावगीत, नाट्यसंगीत, अभंग, लावणी, भीमगीत, ख्याल आणि आजची मराठी स्वतंत्र गाणी. प्रत्येक वाटेवर एका गाण्यापासून सुरुवात करून नावांच्या आधारानं कुठे कुठे जाता येतं, ते दाखवलं आहे. तिसरा भाग नाशिक जिल्ह्याच्या आवाजांचा. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेतलं भजन, बोहाडा या मुखवट्यांच्या सोंगांतली वाद्यं, थाळगान, शाहिरी, यांविषयी जे नीट सांगता येतं ते त्यात आहे. स्वतः ध्वनिमुद्रण करून ठेवणाऱ्यांसाठी नोंदी कशा कराव्यात, याचंही एक प्रकरण जोडलं आहे.

पुस्तक कसं वापरावं, याविषयी थोडं. वाचता वाचता ऐकावं, आणि ऐकताना वही जवळ असावी. रेडिओवर एखादं अनोळखी गाणं आवडलं तर लगेच पुढच्यावर जाऊ नये. फोनचा पडदा उघडून गायक, गीतकार, संगीतकार बघावेत, न सापडल्यास दुसरीकडे शोधावेत आणि लिहून ठेवावेत. मग त्यातल्या एका नावावरून नवा रेडिओ लावावा. जे खरोखर आवडलं, ते शेवटपर्यंत ऐकावं आणि आवडीच्या यादीत ठेवावं, कारण यंत्राला आपली भाषा कळते ती एवढ्याच खुणांतून. घरात एकच फोन सगळ्यांच्या हाती असेल, तर ज्याच्या त्याच्यासाठी वेगळं खातं करावं. नाहीतर आजीचे अभंग आणि नातवाची रॅप गाणी यांची सरासरी निघते आणि ती दोघांनाही नको असते.

आणि आवडलेलं गाणं दुसऱ्याला पाठवताना नुसता दुवा पाठवू नये. खाली तीन नावं लिहावीत, आपल्याला काय आवडलं ते एका ओळीत लिहावं. निवेदकाचं जे काम आकाशवाणीच्या खोलीत एक माणूस करत होता, ते आता आपल्यापैकी प्रत्येकाला करता येतं. मराठीत आज गाणाऱ्या-रचणाऱ्या मुलामुलींना सर्वांत जास्त गरज आहे ती अशा श्रोत्यांची, जे नाव घेऊन शोधतात, नाव घेऊन ऐकतात आणि नाव घेऊन दुसऱ्यापर्यंत पोचवतात. असे श्रोते वाढले तर यंत्रही त्यांच्या मागे येईल, कारण ते शिकतं आपल्याकडूनच. त्या श्रोत्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. पहिलं गाणं लावा आणि कामाला लागू या.

नाशिक, गुढीपाडवा